लिपिड-संवेदी केंद्रकी ग्राही आणि कुष्ठरोगातील प्रतिकारशक्ती

लिपिड-संवेदी केंद्रकी ग्राही हा पेशीतील मेदद्रव्यांची चाहूल घेऊन जनुकांचे कार्य वाढविणाऱ्या किंवा थांबविणाऱ्या प्रथिनांचा गट आहे. मेदाम्ले, कोलेस्टेरॉलपासून बनणारी ऑक्सिस्टेरॉले, ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप, अ जीवनसत्त्वापासून तयार होणारे रेटिनॉइक आम्ल आणि पित्ताम्ले ही या ग्राहींना ओळखता येणारी प्रमुख द्रव्ये आहेत. यकृत व मेदपेशी यांच्यातील चयापचयाचे नियमन हे या ग्राहींचे प्रथम ज्ञात झालेले कार्य होते. पुढे महाभक्षी पेशी, डेंड्रायटिक पेशी व टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींमध्येही ते आढळले. एखादी पेशी जंतूंशी लढेल की मृत पेशींचा कचरा शांतपणे उचलत राहील, हे ठरविण्यात त्यांचा वाटा असतो.

कुष्ठरोगात या नियमनाचे परिणाम विशेष स्पष्टपणे दिसतात. या रोगाचा जिवाणू ज्या महाभक्षी पेशींत राहतो त्या पेशी मेदाच्या थेंबांनी भरून जातात, आणि रोगाचे स्वरूप सौम्य राहणार की शरीरभर पसरणार हे बऱ्याच अंशी त्या पेशींच्या प्रतिसादावर अवलंबून असते. महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा हे विसाव्या शतकातील भारतीय कुष्ठसेवेचे व कुष्ठरोग नियंत्रणाचे एक प्रमुख केंद्र होते.

कुष्ठरोगाची दोन टोके

कुष्ठरोग मायकोबॅक्टेरियम लेप्री या जिवाणूमुळे होतो. नॉर्वेतील वैद्य गेऱ्हार्ड आर्माउअर हान्सेन यांनी १८७३ मध्ये तो प्रथम पाहिला. हा जिवाणू अत्यंत सावकाश वाढतो. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्वचा व परिघीय चेता ही त्याची मुख्य ठिकाणे होत.

एकाच जिवाणूचा संसर्ग होऊनही सर्व रुग्णांत रोग सारखा दिसत नाही. ट्युबरक्युलॉइड प्रकारात त्वचेवर एखाददुसरा बधिर चट्टा येतो, त्यात जिवाणू क्वचितच सापडतात आणि टी-पेशींचा प्रतिसाद जोरदार असतो. लेप्रोमॅटस प्रकारात चट्टे व गाठी अनेक असतात, त्वचेत जिवाणूंची संख्या प्रचंड असते आणि त्या जिवाणूविरुद्धचा पेशीय प्रतिसाद जवळजवळ नसतो. डी. एस. रिडली व डब्ल्यू. एच. जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात या दोन टोकांच्या मधले प्रकारही सामावले आहेत. बहुतेक लोकांना संसर्ग होऊनही रोग होत नाही. त्यांची प्रतिकारशक्ती जिवाणूला वेळीच आवर घालते.

लेप्रोमॅटस गाठीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता मोठ्या, फिकट आणि फेसाळ दिसणाऱ्या पेशींचे थर आढळतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिरखो यांनी त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना फिरखो पेशी असेही म्हणतात. त्या वस्तुतः महाभक्षी पेशी असून त्यांच्यातील फेस म्हणजे मेदाचे असंख्य थेंब असतात. हा मेद केवळ जिवाणूचा असावा असे दीर्घकाळ मानले जाई. एकविसाव्या शतकातील अभ्यासांतून त्याचा मोठा भाग रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातला असल्याचे दिसून आले. त्यात कोलेस्टेरॉल आणि ऑक्सिडीभूत फॉस्फोलिपिडे असतात. शरीर स्वतःचा मेद जिवाणूच्या भोवती का साठविते, या प्रश्नामुळे कुष्ठरोगाच्या अभ्यासात केंद्रकी ग्राहींना महत्त्व आले.

केंद्रकी ग्राहींची रचना व कार्यपद्धती

मानवी जनुकसंचात केंद्रकी ग्राहींची ४८ जनुके आहेत. इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल व थायरॉइड संप्रेरक यांचे ग्राही याच कुटुंबातले आहेत. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही बाहेरचा संदेश आत पोहोचवितात. केंद्रकी ग्राही मात्र पेशीच्या आत असतात. मेदात विरघळणारी द्रव्ये पेशीपटल ओलांडून किंवा पेशीतच तयार होऊन त्यांच्यापर्यंत पोहोचतात. ग्राहीला जाऊन चिकटणाऱ्या अशा द्रव्याला लिगंड म्हणतात.

या प्रथिनांची ठेवण साधारणतः सारखी असते. मधल्या भागात जस्ताचे अणू धरून ठेवणाऱ्या दोन घड्या असतात. त्यांच्या साहाय्याने ग्राही डीएनएवरील ठरावीक क्रम ओळखून तेथे बसतो. शेवटच्या भागात बहुधा बारा वेटोळ्यांनी वेढलेली एक पोकळी असते आणि लिगंड त्या पोकळीत बसतो. तो बसला की बारावे वेटोळे झाकणासारखे सरकते व प्रथिनाचा बाह्य आकार बदलतो. त्यामुळे जनुक बंद ठेवणारी सहदमनक प्रथिने गळून पडतात आणि जनुक चालू करणारी सहकारी प्रथिने त्यांची जागा घेतात.

लिपिड-संवेदी ग्राहींपैकी बहुतेक एकट्याने काम करीत नाहीत. आरएक्सआर नावाच्या ग्राहीशी जोडी बांधूनच ते डीएनएवर बसतात. आरएक्सआर हा अशा अनेक जोड्यांतील समाईक भागीदार असल्याने एका ग्राहीच्या कामाचा परिणाम दुसऱ्यावर होऊ शकतो.

केंद्रकी ग्राही जनुके चालू करतात तसेच काही जनुकांना चालू होण्यापासून रोखतातही. दाहाची जनुके विश्रांतीच्या स्थितीत सहदमनकांनी बंद ठेवलेली असतात आणि जंतूची चाहूल लागताच ती बंधने काढून टाकली जातात. लिगंड बसलेला पीपीएआर-गॅमा हा ग्राही ती बंधने निघू देत नाही, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. मेद पचविणारी जनुके चालू होणे आणि दाहाची जनुके बंद राहणे या दोन्ही गोष्टी त्यामुळे एकाच ग्राहीद्वारे साधल्या जातात.

शोधाचा इतिहास

अमेरिकी शास्त्रज्ञ एलवुड जेन्सन यांनी १९५८ च्या सुमारास किरणोत्सर्गी इस्ट्रोजेन वापरून या संप्रेरकाचा ग्राही असल्याचे दाखविले. रोनाल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने १९८५ मध्ये कॉर्टिसॉलच्या ग्राहीचे जनुक वेगळे केले, तर फ्रान्समध्ये पिएर शांबो यांच्या गटाने इस्ट्रोजेन ग्राहीवर तसेच काम केले. या तिघांना २००४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. या जनुकांशी साम्य असलेल्या इतर जनुकांचा शोध घेताना ज्यांचे लिगंड ठाऊक नाहीत असे अनेक ग्राही सापडले. त्यांना ‘अनाथ ग्राही’ म्हटले गेले.

पीपीएआर कुटुंबातील पहिल्या ग्राहीचे वर्णन १९९० मध्ये झाले. मधुमेहावरील थायाझोलिडिनडायोन गटातील औषधे पीपीएआर-गॅमाला चिकटतात हे १९९५ मध्ये, तर एलएक्सआर हा ग्राही ऑक्सिस्टेरॉले ओळखतो हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. प्रतिकारशास्त्राच्या दृष्टीने १९९८ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. पीपीएआर-गॅमा सक्रिय झाल्यास महाभक्षी पेशींची दाहकारक द्रव्ये कमी होतात, तसेच ऑक्सिडीभूत कोलेस्टेरॉल-कण गिळल्याने याच पेशींतील पीपीएआर-गॅमा जागा होतो, असे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसले. महाभक्षी पेशीने काय गिळले यावरून तिचा स्वभाव बदलतो, ही कल्पना त्यातून रूढ झाली.

रोगप्रतिकारक पेशींतील प्रमुख ग्राही

पीपीएआर-गॅमा : लिनोलेइक आम्लासारखी असंतृप्त मेदाम्ले आणि त्यांची ऑक्सिडीभूत रूपे हा ग्राही ओळखतो. त्याची पोकळी मोठी असल्याने तिच्यात अनेक प्रकारची द्रव्ये सैलपणे बसतात. तो मेद आत घेणारी व साठविणारी प्रथिने वाढवितो आणि महाभक्षी पेशीला ऊतकाची डागडुजी करणाऱ्या शांत अवस्थेकडे नेतो. फुप्फुसांच्या वायुकोशांतील महाभक्षी पेशींच्या घडणीसाठी तो आवश्यक असतो.

एलएक्सआर : पेशीत कोलेस्टेरॉल जास्त झाले की तयार होणारी ऑक्सिस्टेरॉले तो ओळखतो आणि जादा कोलेस्टेरॉल बाहेर टाकणारी प्रथिने वाढवितो. मृत पेशी उचलण्याची क्षमताही तो वाढवितो. टी-पेशींमध्ये तो कोलेस्टेरॉलचा पुरवठा आवरून त्यांचे विभाजन मर्यादित ठेवतो.

व्हीडीआर : हा ड जीवनसत्त्वाचा ग्राही होय. सूर्यप्रकाशामुळे त्वचेत तयार झालेले ड जीवनसत्त्व यकृत व मूत्रपिंड यांत प्रक्रिया होऊन सक्रिय बनते. ही शेवटची प्रक्रिया महाभक्षी पेशी स्वतःही करू शकतात.

आरएआर : रेटिनॉइक आम्ल ओळखणारा हा ग्राही टी-पेशींना आतड्याकडे जाण्याची खूण देतो. दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींच्या निर्मितीलाही तो साहाय्य करतो.

आरओआर-गॅमा-टी : सतरा क्रमांकाच्या साहाय्यक टी-पेशी, म्हणजे टीएच-१७, घडविणारा हा ग्राही आहे. कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या मार्गातील मधली द्रव्ये त्याला सक्रिय करतात.

या सर्वांचे मूळ काम संसर्गाशी लढणे हे नाही. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि महाभक्षी पेशी त्या गिळतात. प्रत्येक मृत पेशीबरोबर तिच्या पटलातील कोलेस्टेरॉल व मेदाम्ले आत येतात. अशा प्रत्येक वेळी दाह सुरू झाला, तर निरोगी ऊतकांचीच हानी होईल. आत आलेला मेद घरचा आहे, त्याची विल्हेवाट गाजावाजा न करता लावावी, असा निर्णय लिपिड-संवेदी ग्राहींमुळे शक्य होतो. मायकोबॅक्टेरियम गटातील जिवाणू याच व्यवस्थेचा आडोसा घेतात.

फेसाळ पेशींची निर्मिती

मायकोबॅक्टेरियाचे कवच मेदयुक्त द्रव्यांनी समृद्ध असते. कुष्ठरोगाच्या जिवाणूच्या कवचात पीजीएल-१ हे त्याचे वैशिष्ट्यपूर्ण फिनॉलिक ग्लायकोलिपिड असते. संसर्ग झालेल्या महाभक्षी पेशींत पीपीएआर-गॅमाचे प्रमाण वाढते, मेदाचे थेंब वेढणारी प्रथिने अधिक तयार होतात आणि थेंब जिवाणूंच्या वसतिस्थानाजवळ गोळा होतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. या थेंबांजवळ प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे दाहाचे नियमन करणारे द्रव्यही तयार होते. ते टी-पेशींना चेतविणारे संदेश मंदावते. यामुळे मेदाच्या साठ्याबरोबर प्रतिकारही शिथिल होतो.

चेतांभोवती आवरण घालणाऱ्या श्वान पेशींतही असेच थेंब तयार होतात. कुष्ठरोगातील बधिरपणा, हातापायांचे पांगळेपण व त्यानंतरच्या जखमा यांचे मूळ या पेशींच्या व चेतांच्या हानीत असते.

कुष्ठरोगाच्या जिवाणूचा जनुकसंच २००१ मध्ये उलगडला. त्यात सुमारे १,६०० जनुकेच कार्यक्षम असून हजाराहून अधिक जनुके निकामी झालेली आहेत. क्षयरोगाच्या जिवाणूत सुमारे ४,००० जनुके आहेत. क्षयरोगाचा जिवाणू यजमान पेशीतील कोलेस्टेरॉल इंधन म्हणून वापरू शकतो. कुष्ठरोगाच्या जिवाणूने मात्र ती क्षमता गमावली आहे. तरीही पेशीत कोलेस्टेरॉल साठणे त्याच्या जगण्यासाठी आवश्यक असल्याचे प्रयोगांत दिसते. त्यामुळे येथे मेदाचे महत्त्व केवळ अन्न म्हणून नाही. पेशीला शांत ठेवणारा संकेत म्हणूनही ते असावे, असे मानले जाते.

ड जीवनसत्त्वाचा मार्ग

महाभक्षी पेशीला मायकोबॅक्टेरियाची चाहूल पृष्ठभागावरील टोलसदृश ग्राहींमुळे लागते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, ही चाहूल लागताच मानवी महाभक्षी पेशींत व्हीडीआर आणि ड जीवनसत्त्व सक्रिय करणारे विकर ही दोन्ही वाढतात. रक्तात ड जीवनसत्त्व पुरेसे असेल तर पेशी कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक पेप्टाइड तयार करते आणि आतले जिवाणू मारण्याची तिची शक्ती वाढते.

कुष्ठरोगाच्या दोन टोकांवरील ऊतकांची तुलना केल्यावर हा मार्ग दोन्हीकडे वेगळा असल्याचे आढळले. ट्युबरक्युलॉइड चट्ट्यांत इंटरल्यूकिन-१५ व इंटरफेरॉन-गॅमा यांच्या प्रभावाखाली ड जीवनसत्त्वावर आधारित जंतुनाशक कार्यक्रम चालू असतो. लेप्रोमॅटस गाठींत इंटरल्यूकिन-१० चा प्रभाव असतो. तेथील महाभक्षी पेशी जिवाणू व ऑक्सिडीभूत मेद उत्साहाने गिळतात, पण जंतुनाशक कार्यक्रम सुरू करीत नाहीत. इंटरफेरॉन-बीटा हा संदेश तो कार्यक्रम दाबतो, असे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. लेप्रोमॅटस रुग्णाच्या महाभक्षी पेशी आळशी नसतात. त्या गिळण्याच्या कामात गुंतलेल्या आणि मारण्याच्या कामापासून परावृत्त झालेल्या असतात, असा या निरीक्षणांचा अर्थ आहे.

व्हीडीआरच्या जनुकातील भेदांचा कुष्ठरोगाच्या प्रकाराशी संबंध आहे का, हेही तपासले गेले आहे. कोलकाता येथील रुग्णांवर आधारित आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा संबंध नोंदविला गेला.

क्षयरोगाशी तुलना

क्षयरोगातील गाठींतही फेसाळ महाभक्षी पेशी आढळतात. क्षयरोगाच्या जिवाणूच्या कवचातील एक मॅनोजयुक्त लिपिड महाभक्षी पेशीच्या मॅनोज ग्राहीमार्फत पीपीएआर-गॅमा वाढविते, असे २०१० मध्ये दिसून आले. चंडीगड येथील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले की क्षयरोगाचा जिवाणू पीपीएआर-गॅमा आणि टीआर४ हे दोन लिपिड-संवेदी ग्राही स्वतःच्या बचावासाठी वापरतो. जिवाणूच्या कवचातील कीटो-मायकोलिक आम्ल आणि टीआर४ यांचा फेसाळ पेशींच्या निर्मितीशी असलेला संबंध याच गटाने पुढे मांडला. यजमानाच्या मेदाबरोबर जिवाणूचा स्वतःचा मेदही या ग्राहींना प्रभावित करू शकतो, हे त्यातून दिसले.

सर्व लिपिड-संवेदी ग्राही जिवाणूच्या पथ्यावर पडतात असे नाही. एलएक्सआर नसलेले उंदीर लिस्टेरिया व क्षयरोग या दोन्ही संसर्गांना अधिक सहज बळी पडतात. ग्राही कोणता, पेशी कोणती आणि संसर्गाचा टप्पा कोणता यांवर परिणाम अवलंबून असतो.

वर्धा जिल्ह्यातील कुष्ठकार्य

वर्धा शहराजवळील दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी विनोबा भावे यांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. त्याच वर्षी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. या खेड्याला पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले. संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने ग्रस्त अवस्थेत १९३९ मध्ये सेवाग्रामला आले, तेव्हा गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले व त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या निवासाची परचुरे कुटी आश्रमात आजही दाखविली जाते. स्पर्शाने रोग होतो या भीतीने रुग्णांना गावाबाहेर काढण्याची प्रथा असलेल्या काळात या कृतीला सामाजिक अर्थ होता. आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांचा जन्मही याच जिल्ह्यातील हिंगणघाट येथे १९१४ मध्ये झाला.

गांधी मेमोरिअल लेप्रसी फाउंडेशन ही संस्था १९५१ मध्ये वर्धा येथे स्थापन झाली. रुग्णांना वसाहतीत वेगळे ठेवण्याऐवजी गावोगाव सर्वेक्षण करणे, लोकांना रोगाची माहिती देणे आणि घरी राहूनच डॅप्सोनचे उपचार देणे ही पद्धत तिने राबविली. सर्वेक्षण, शिक्षण व उपचार या त्रिसूत्रीचा अवलंब पुढे राष्ट्रीय कार्यक्रमातही झाला. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतातील ज्या जिल्ह्यांत तो सर्वप्रथम राबविला गेला, त्यांत वर्धा व पश्चिम बंगालमधील पुरुलिया यांचा समावेश होता. कुष्ठरोग ही सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नाही, असे भारताने डिसेंबर २००५ अखेर जाहीर केले; त्याचा निकष दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हा होता. त्यानंतरही देशात दरवर्षी नवे रुग्ण आढळत आहेत.

वर्ध्यातील हे कार्य प्रामुख्याने सेवेचे व रोगनियंत्रणाचे होते. त्या कार्यकर्त्यांना गावोगाव भेटणाऱ्या सौम्य व तीव्र रुग्णांतील फरकाचे पेशीय स्पष्टीकरण पुढील काळात इतरत्र झालेल्या प्रयोगशाळेतील संशोधनातून पुढे आले.

उपचारांशी संबंध

बहुविध औषधोपचारात रिफॅम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन ही औषधे वापरली जातात. त्यांपैकी क्लोफाझिमिन मेदात विरघळणारे असून महाभक्षी पेशींत साठते; रुग्णाच्या त्वचेला येणारी तांबूस-काळसर छटा त्यामुळेच असते. संसर्ग झालेल्या महाभक्षी पेशींतील मेदाचा साठा क्लोफाझिमिनमुळे कमी होतो, असे २०१२ मधील प्रयोगशाळेतील अभ्यासात आढळले. जिवाणूनाशक गुणाखेरीज पेशीच्या मेद-व्यवहारावरही या औषधाचा परिणाम होत असावा, असे त्यावरून सूचित होते.

उपचार चालू असताना किंवा संपल्यावर काही रुग्णांत ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणजे दाहाचा अचानक उद्रेक होतो. चट्टे लाल होऊन सुजतात, चेता दुखतात आणि वेळीच उपचार न झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. त्यासाठी दिले जाणारे प्रेडनिसोलोन कॉर्टिसॉलच्या केंद्रकी ग्राहीला चिकटून दाहाची जनुके दाबते. केंद्रकी ग्राहींच्या कुटुंबावर काम करणारे औषध कुष्ठरोगात या रूपाने पूर्वीपासूनच वापरात आहे.

पीपीएआर-गॅमावर काम करणारे पायोग्लिटाझोन मधुमेहासाठी वापरले जाते. भारतात जून २०१३ मध्ये त्यावर बंदी घालण्यात आली व पुढच्याच महिन्यात मूत्राशयाच्या कर्करोगाविषयीच्या इशाऱ्यासह ती उठविण्यात आली. एलएक्सआरला सक्रिय करणारी प्रायोगिक द्रव्ये यकृतात मेद वाढवितात. एकच ग्राही अनेक अवयवांत वेगवेगळी कामे करीत असल्याने केवळ रोगप्रतिकारक पेशींवर परिणाम करणारे औषध बनविणे कठीण ठरते.

आहारातील मेदाचाही या ग्राहींशी संबंध येतो. विदर्भात चटणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल मुबलक असते, तर तीळ व सोयाबीन यांच्या तेलांत लिनोलेइक आम्ल असते. ही दोन्ही मेदाम्ले पीपीएआरला चिकटू शकतात. तथापि खाल्लेला मेद पचन, यकृत व रक्त या मार्गाने जाऊन अनेक रूपे घेतो, आणि आहार बदलल्याने कुष्ठरोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. बहुविध औषधोपचार हाच या रोगावरील प्रस्थापित उपाय आहे.

संशोधनातील मर्यादा

कुष्ठरोगाचा जिवाणू कृत्रिम माध्यमात वाढविता येत नाही. उंदराच्या तळपायात तो वाढविण्याची पद्धत १९६० मध्ये आणि नऊपट्टी आर्माडिलो या प्राण्यात तो वाढतो हे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे प्रयोगांसाठी लागणारे जिवाणू मिळविणे आजही कष्टाचे आहे. शिवाय ड जीवनसत्त्वाने कॅथेलिसिडिन वाढण्याची क्रिया मानवात दिसते, उंदरात दिसत नाही. म्हणून उंदरावरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

रुग्णांच्या ऊतकांत एखादा ग्राही वाढलेला दिसला, तरी तो रोगाचे कारण आहे की परिणाम, हे केवळ त्या निरीक्षणावरून ठरत नाही. प्रयोगशाळेतील यश उपचारात उतरेलच असेही नाही. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ड जीवनसत्त्वाच्या पूरक मात्रांमुळे क्षयरोगाचा संसर्ग टळला नाही. लिपिड-संवेदी ग्राहींच्या अभ्यासाने कुष्ठरोगाची दोन टोके पेशीच्या पातळीवर कशी घडतात हे बऱ्याच अंशी स्पष्ट केले आहे. त्या ज्ञानावर आधारित स्वतंत्र उपचार मात्र अद्याप प्रचलित झालेला नाही.